आठवड्याची पट्टी

परवा दुपारी जेवणे आटोपल्यावर भाचा मोबाईलमध्ये पाहून एका नव्या चित्रपटाच्या कमाईचे आकडे मोठ्याने वाचत होता. पहिल्या दिवशी इतके कोटी, शनिवारी इतके, रविवारी इतके, परदेशातले वेगळे. त्याने स्वतः तो चित्रपट पाहिलेला नव्हता आणि पाहण्याची घाईही त्याला दिसत नव्हती. तरीही आकडा चढला की त्याचा चेहरा असा खुले, की त्यातला काही हिस्सा याच्याच खात्यावर जमा व्हायचा असावा. मी विचारले, "आठवडा कितवा?" तो म्हणाला, "मामा, दुसऱ्या आठवड्यात कोण बघतंय?"

आमच्या लहानपणी चित्रपटाचे मोठेपण आठवड्यांवर ठरत असे. निर्मात्याच्या पदरात किती पडले हे आम्हांला ठाऊक नसे आणि ठाऊक करून घेण्याचे काही कारणही नव्हते. पण कोल्हापुरातल्या कोणत्या टॉकीजला कोणता चित्रपट कितव्या आठवड्यात आहे, हे गल्लीतले शेंबडे पोरही सांगू शके. टॉकीजच्या दर्शनी पोस्टरवर एक आडवी कागदी पट्टी डकवलेली असे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत आठवड्याचा आकडा असे. शुक्रवारी सकाळी टॉकीजचा माणूस खळीचा डबा घेऊन येई आणि जुन्या पट्टीवरच नवी पट्टी चिकटवून जाई. जुनी काढण्याची तसदी कोण घेणार? त्यामुळे चाललेल्या चित्रपटाची पट्टी जाड होत जाई, उन्हाने तिचे कोपरे वर येत, आणि शाळेतून घरी जाताना तिथे हळूच नख घातले की अकराव्याखाली दहावा, दहाव्याखाली नववा असे आठवडे चिरोट्याच्या पदरांसारखे सुटत. डोअरकीपरने पाहिले तर तो पाठीत रपाटा घाली. परंतु कोणता चित्रपट चालला आणि कोणता पडला, याचे ज्ञान आम्हांला कोणत्याही वर्तमानपत्राआधी बोटांना झालेले असे.

माझ्या बोटांना आठवणाऱ्या सर्वांत जाड पट्ट्या १९७५ सालच्या चित्रपटांच्या. जानेवारीत 'दीवार' आला, एप्रिलमध्ये 'चुपके चुपके', पुढे 'जय संतोषी माँ', आणि पंधरा ऑगस्टला 'शोले'. मराठीत त्याच वर्षी दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' आला. अर्थात, हे मुंबईचे पंचांग झाले. मुंबईला लागलेला चित्रपट आमच्याकडे पोचेपर्यंत बरेच दिवस जात, तोवर त्याचे संवाद कुणाच्या तरी मुंबईच्या पाहुण्यामार्फत येऊन पोचलेले असत, आणि आम्ही ते न पाहिलेल्या प्रसंगांसकट एकमेकांना म्हणून दाखवत असू. त्यामुळे १९७५ हे साल कोल्हापुरात १९७५ मध्ये संपले नाही. आमच्या हिशेबाने ते शहात्तरच्या उन्हाळ्यापर्यंत तरी रेटत गेले असावे.

त्या सालाचा आमच्या घरावर सर्वांत खोल परिणाम केला तो 'जय संतोषी माँ'ने. लोक टॉकीजच्या दाराशी चपला काढून आत जात, पडद्यावर देवी प्रकटली की नाणी आणि फुले उधळत, हे देशभर झाले आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले. आमच्याकडे मात्र हा चित्रपट स्वयंपाकघरात शिरला. आत्याने सोळा शुक्रवार धरले. संतोषीमातेच्या शुक्रवारी आंबट वर्ज्य. म्हणजे आमटीत चिंच नाही, ताटात लिंबाची फोड नाही, ताक नाही. आत्याने आंबट खाल्ले नाही तर एक वेळ समजू शकते, पण व्रताला बाधा येऊ नये म्हणून घरातल्या सगळ्यांनीच ते पाळायचे, असा तिचा दंडक होता. चिंचा पाडण्याच्या ऐन दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी ती आमची तोंडे हुंगून पाही. उद्यापनाला गल्लीतल्या पोरांना जेवायला बोलावत. गूळ-चणे, खीर-पुरी यथास्थित मिळे, पण हातावर पैसे मात्र कुणी ठेवत नसे, कारण कथेतली पोरे त्याच पैशांची चिंच घेऊन खातात आणि सगळे व्रत फुकट जाते. एका चित्रपटाने इतक्या घरांतली आमटी बदलल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. कोटींच्या आकड्यांत हे कुठे मांडणार?

'शोले'ची गोष्ट वेगळी. सुरुवातीला तो पडला अशीच आवई उठली होती. मग तो मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजला पाच वर्षे मुक्काम ठोकून राहिला. आमच्याकडे तो लागला तेव्हा सबंध गल्ली पाहून आली. अपवाद फक्त तात्यांचा. तात्या म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, थोरले बंधू. तरुणपणी ते जयप्रभा स्टुडिओत गर्दीतल्या मावळ्यांत उभे राहिलेले होते आणि या शहरात अशा लोकांची कधीच वाण नव्हती. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला तेव्हापासून इथल्या प्रत्येक पेठेत कुणी दाढी-मिशा चिकटवणारा, कुणी पडदे रंगवणारा, कुणी ढाल धरून नुसता उभा राहिलेला सापडतोच. त्यामुळे कोल्हापूरचा प्रेक्षक कथेत फार वेळ रमत नाही. दिवा कुठून मारला आहे आणि भिंत पुठ्ठ्याची आहे की विटांची, हे तो आधी पाहतो. तात्यांची पारख घोड्यांवर होती. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा हा जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि तिथल्या ऐतिहासिक चित्रपटांतली घोडदौड हीच तात्यांच्या लेखी घोडदौड होती. बाकी सगळे टांगेवाले.

शेवटी अण्णांनी तिकीट काढून आणल्यावर तात्या गेले. आगगाडीमागून डाकूंचे घोडे धावतात त्या प्रसंगाला आम्ही पोरे पडद्याऐवजी त्यांच्याच तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "घोडं बरं हाणलंय गड्यानं." पुढे ठाकूर, गब्बर, टांगेवाली बसंती, कशावरही त्यांनी अवाक्षर काढले नाही. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दीवार'ला गेला आणि 'शोले'च्या वाट्याला संकलनाचा एवढाच पुरस्कार आला, तो एम. एस. शिंदे यांना. हे कळल्यावर तात्यांनी शिंद्यांना परस्पर आपल्या पाहुण्यांत घेऊन टाकले. घोडे बरोबर कुठे तोडायचे हे आपल्याच माणसाला कळणार, असे ते पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले.

आठवड्यांचे हे माप अगदी सोन्याचे होते असेही नाही. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, आणि तिथवर चित्रपट ओढून नेण्यासाठी निर्माते रिकाम्या खुर्च्यांचे भाडे पदरचे भरत, हे त्या धंद्यातले उघड गुपित होते. दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. ते आठवडे मात्र खरेच लोकांनी भरलेले होते, याबद्दल मला शंका नाही. आमच्याकडे खेड्यांतून बाजाराला आलेली माणसे पिशव्या मांडीवर घेऊन तीनच्या खेळाला बसत आणि हसताना पिशवीतले कांदे खुर्च्यांखाली घरंगळत.

१९७५ च्याच जूनमध्ये आणीबाणी लागू झाली. आम्हांला ती कळली ती चित्रपटाआधीच्या सरकारी बातमीपटातून. वीसकलमी कार्यक्रम इतक्या वेळा पाहिला की पाढ्यांसारखा पाठ झाला. 'शोले'चा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता, ठाकूरने गब्बरला मारायचे नाही, पोलिसांच्या हवाली करायचे, हे मात्र पुष्कळ वर्षांनी समजले. 'आंधी'चे तसे नव्हते. तो वर्षाच्या आरंभी प्रदर्शित झाला होता आणि आणीबाणीत त्याच्यावर बंदी आली. नायिकेचे पांढऱ्या बटेचे केस आणि साडी कुणासारखी दिसते, हे मोठी माणसे आवाज खाली आणून बोलत. अण्णांना तो पाहायचा होता. ते सरकारी नोकर होते. पाहायचा राहून गेला एवढेच ते म्हणत, आणि तेही घरातच.

सत्त्याहत्तरला निवडणूक झाली, सरकार बदलले आणि 'आंधी' पुन्हा मोकळा झाला. तो लागल्यावर अण्णा आणि आई रात्रीच्या खेळाला गेले, आम्हांला न घेता. परतले तेव्हा तात्या ओट्यावर जागेच होते.

"कसा हाय?" तात्यांनी विचारले.

"गाणी चांगली आहेत," अण्णा म्हणाले.

"मग बंदी कशापायी घातलेली?"

अण्णांनी इकडेतिकडे पाहिले. रस्त्यावर कुणीही नव्हते. तरी ते काही बोलले नाहीत.

"घोडी हाईत का त्यात?"

"नाहीत."

तात्या गेले नाहीत.