गौरीच्या आदल्या दिवशी

गौरी-गणपती जवळ आले की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर बायका जरा तिरक्या उभ्या राहतात. शेजारचं गिऱ्हाईक हललं की हळूच, "ताई, ती पुढं ढकलायची गोळी..." कराडात सोळा वर्षं हे ऐकतेय. स्वतः कधी घेतली नाही. माझी पाळी अठ्ठावीस दिवसांची. कालनिर्णयवर लाल गोल करायचा नि विसरायचं.

२०२१ला तो गोल चुकला. २४ जूनला कोविशील्डचा पहिला डोस घेतला. दंड दुखेल, ताप येईल, एवढं सिस्टरनी सांगितलं. १२ जुलैला यायची ती १७ला आली, आणि अशी आली की दर दोन तासांनी दुकान सोडून आत पळत होते. तिथून सगळ्याच तारखा पाच दिवस पुढं सरकल्या. ऑगस्ट निभावला. सप्टेंबरात नेमकी ११ तारीख, गौरी आवाहनाच्या आदला दिवस! जुन्या हिशेबानं सहालाच येऊन मी मोकळी झाले असते.

"साऱ्या गावाला गोळ्या इकतीस, तुला एक घावंना व्हय?" आत्या म्हणाल्या. गौरी जावेनं आणल्या. शिवाशिवीवर माझं मत वेगळं आहे, पण सणाच्या घरात भांडण कोण काढणार.

ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, टेन्शन असेल. काउंटरवर मात्र 'लस घेतल्यापासनं' हे शब्द रोज कानावर यायचे. आधी एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर फिरलं होतं की पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नका. सरकारनं ते खोटं ठरवलं, बरोबरच केलं. पण बाईला स्वतःच्या अंगावर फरक दिसतोय आणि समोरचा म्हणतोय काही नाही, मग ती पुढचा फॉरवर्ड खरा मानणार नाही तर काय?

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, अ‍ॅलिसन एडेलमन यांचा. सुमारे चार हजार जणींच्या ॲपवरच्या नोंदी. डोसनंतर पाळी सरासरी एक दिवसाहून कमी लांबली. एकाच चक्रात दोन्ही डोस पडले त्यांची दोन दिवस. आठ दिवसांच्या आतला फरक तसा नेहमीचाच धरतात, म्हणजे माझे पाच दिवसही त्यातच. मग वीसेक हजार जणींचा अभ्यास झाला, त्यात अ‍ॅस्ट्राझेनेकावाल्याही होत्या, म्हणजे आपली कोविशील्डच. पुढच्या चक्रात बहुतेकींचं गाडं रुळावर आलेलं. आणि ऑक्टोबर २०२२मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं फायझर-मॉडर्नाच्या लशींच्या माहितीपत्रकात जास्त रक्तस्रावाची नोंद घालायला सांगितली. वाचलं तेव्हा आत्यांना दाखवायला धावले होते.

माझा दुसरा डोस १६ सप्टेंबरला झाला. त्या वेळी दोनच दिवस उशीर झाला.

त्याच सुमारास चौपन्न वर्षांच्या एक काकू पॅड मागायला आल्या. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. "लशीचं असंल, जाईल आपोआप." मी पॅड दिले, पण म्हटलं, "काकू, पाळी गेल्यावर थेंब जरी दिसला तरी तपासायचं, लस असो नसो." दोनदा फोन करून पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराची छोटी गाठ, निघाला. काढला, साधा होता. नंतर पेढे घेऊन आल्या, आणि काउंटरवर नेहमीसारख्या तिरक्या उभ्या राहून सगळं मोठ्यांदा सांगत बसल्या.