एक सभागृह, त्रेपन्न वाटाघाटी

चीन-आफ्रिका सहकार्य मंचाची परिषद २००० सालापासून दर तीन वर्षांनी, एकदा चीनमध्ये तर एकदा आफ्रिकेत, न चुकता भरत आली आहे. बीजिंग, अदिस अबाबा, शर्म अल शेख, जोहान्सबर्ग, डकार अशी ही मालिका आहे आणि २०२७ ची बैठक काँगो प्रजासत्ताकात व्हायची आहे. माझ्या मते चीनच्या आफ्रिका धोरणाचे खरे बळ मोठमोठ्या आकड्यांपेक्षा या नियमितपणात आहे. प्रत्येक परिषदेत पुढील तीन वर्षांचा कृती आराखडा संमत होतो आणि पुढच्या परिषदेत त्याचा हिशेब मांडावा लागतो. चीनचे परराष्ट्रमंत्रीही १९९१ पासून दर वर्षीचा पहिला परदेश दौरा आफ्रिकेचाच करतात.

या नात्याची मुळे जुनी आहेत. पाश्चात्त्य देशांनी आणि जागतिक बँकेने नकार दिल्यावर टांझानिया आणि झांबिया यांना जोडणारा सुमारे १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग चीनने बिनव्याजी कर्ज देऊन बांधला. झांबियाचे तांबे गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटींच्या प्रदेशातून न नेता थेट दार एस सलामच्या बंदरात यावे, हा त्यामागचा हेतू होता. चीन तेव्हा स्वतः गरीब होता, ही गोष्ट आफ्रिकेत आजही आदराने सांगितली जाते. ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत तैवानमधील सरकारऐवजी बीजिंगला चीनची जागा मिळाली, तेव्हा ठरावाच्या बाजूने पडलेल्या ७६ मतांपैकी २६ मते आफ्रिकी देशांची होती. मैत्री आणि मतांचे गणित अशा रीतीने आरंभापासूनच एकत्र नांदत आले आहे. तैवानशी राजनैतिक संबंध ठेवणारा एस्वातिनी हा एकच आफ्रिकी देश मंचाबाहेर आहे, यावरूनही ते दिसते.

आता आकडे पाहू. २००६ मध्ये ५ अब्ज डॉलरच्या कर्जाचे आश्वासन होते, २००९ मध्ये १० अब्ज, २०१२ मध्ये २० अब्ज, तर २०१५ आणि २०१८ मध्ये प्रत्येकी ६० अब्ज डॉलरच्या निधीची घोषणा झाली. २०२१ मध्ये हा आकडा ४० अब्जांवर उतरला. २०२४ मध्ये ३६० अब्ज युआनची, म्हणजे सुमारे ५० अब्ज डॉलरची घोषणा झाली आणि ती चीनने आपल्या चलनात केली. यातील २१० अब्ज युआन पतपुरवठा आहे, ८० अब्ज विविध स्वरूपांची मदत आणि ७० अब्ज चिनी कंपन्यांची गुंतवणूक. ‘मदत’ या एका शब्दाखाली हे सारे मोजले, की वाचकाची दिशाभूल होते, कारण पतपुरवठा हा फेडावा लागतो आणि गुंतवणूक नफ्यासाठीच येते.

मला खटकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. सभागृहात त्रेपन्न देश एकत्र बसतात, जाहीरनामा सामायिक असतो, पण कर्जाचा करार प्रत्येक देश एकटाच करतो. व्याज, तारण, परतफेडीची मुदत, गोपनीयतेची कलमे हे सारे बंद खोलीत दोघांमध्ये ठरते. केनियाचेच उदाहरण घ्या. मोंबासा-नैरोबी लोहमार्ग मे २०१७ मध्ये सुरू झाला. तो पुढे युगांडा आणि रवांडापर्यंत जावा, अशी मूळ प्रादेशिक कल्पना होती, परंतु २०१९ मध्ये केनियातल्याच नैवाशापर्यंत आल्यावर पुढच्या टप्प्यासाठी चिनी कर्ज मिळाले नाही आणि काम थांबले. शेजारच्या टांझानियाने दरम्यान स्वतंत्र मार्ग आखून दार एस सलामकडचे पहिले टप्पे तुर्कस्तानच्या कंपनीकडे सोपवले. या देशांनी एकत्र बसून एकच मागणी मांडली असती, तर त्यांच्या शब्दाला अधिक वजन आले असते, असे मला मनापासून वाटते.

आफ्रिकी नेत्यांना हे कळत नाही, असे मुळीच नाही. एका देशाने साऱ्या खंडाला बोलावल्यास कोणी जायचे, याचे सूत्र आफ्रिकन संघाने २००६ मध्ये गांबियातील बान्जुल येथे ठरवले. सर्वांनी न जाता निवडक प्रतिनिधी देशांनी खंडाच्या वतीने बोलावे, असा त्याचा आशय आहे. भारताने २००८ आणि २०११ च्या भारत-आफ्रिका परिषदांत ते पाळले. २०१५ मध्ये मात्र दिल्लीने सर्व देशांना बोलावले आणि परिषद भव्य झाली, पण नंतरची दहा वर्षे पुढची परिषद भरलीच नाही. भारतीय म्हणून परिषदांमध्ये पडलेल्या या खंडाचे मला वाईट वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतच आफ्रिकन संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले, हे मोठे काम होते, आणि त्याला नियमित बैठकांची जोड असती तर ते अधिक फळाला आले असते.

१ डिसेंबर २०२४ पासून चीनने राजनैतिक संबंध असलेल्या अतिमागास देशांच्या सर्व मालावरील आयातशुल्क शून्य केले. ही सवलत खरी आहे. तरीही जे देश प्रामुख्याने खनिज तेल, तांबे आणि कोबाल्ट विकतात, त्यांना तिचा लाभ मर्यादितच राहील. कॉफी, फळे किंवा तयार कापड निर्यात करणाऱ्यांना तो अधिक होईल. त्यासाठी लागणारी प्रक्रिया केंद्रे आणि शीतगृहे कोणत्या देशात उभी राहणार, हे अजूनही त्या त्या राजधानीत स्वतंत्रपणे ठरते आहे. केनियाने २०२५ मध्ये रेल्वेची डॉलरमधील कर्जे युआनमध्ये फिरवून व्याजाचा भार हलका केला, तोही एकट्यानेच.