क्रूझवर आठ जणांचं एक टेबल मिळवताना

सिंगापूरचा व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, फॉरेक्स कार्ड झालं. यातल्या कशानंही मला त्रास दिला नाही. त्रास दिला तो जेवणाच्या एका टेबलानं. आजही त्या ट्रॅव्हल ऑफिससमोरून जाताना माझं डोकं तापतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. नाशिकहून हल्ली बरेच ग्रुप क्रूझला जातात, त्यांना तरी हे आधी कळावं.

आम्ही चार जोडपी, इंदिरानगरातली जुनी भिशी. सिंगापूरहून निघून मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत करून परत सिंगापूरला येणारी क्रूझ आम्ही घेतली. एजंटनं चार केबिनसाठी चार वेगवेगळी बुकिंग केली, प्रत्येकाचा नंबर वेगळा. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला. कुणी सांगितलं असतं तर मी पैसे भरायच्या आधीच विचारलं असतं, की हे चार नंबर एकमेकांना जोडलेत का?

आधी जहाजावरच्या जेवणाचं थोडक्यात सांगते. तिकिटाच्या पैशात बुफे आणि मोठा डायनिंग हॉल असतो, तिथं पोटभर आणि चांगलं जेवण मिळतं. त्याशिवाय इटालियन, जपानी, स्टेकहाउस अशी छोटी रेस्टॉरंट्स असतात, त्यांना स्पेशालिटी म्हणतात. त्यांचे पैसे वेगळे. काही ठिकाणी माणशी ठरावीक रक्कम, काही ठिकाणी पदार्थागणिक. वर साधारण 18 ते 20 टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, तो धरूनच हिशोब करा. टेबलं मोजकीच असतात. घरून आधी बुक केलं तर बहुतेक वेळा दर कमी पडतो आणि हवी ती वेळ मिळते.

आता आम्हाला टेबल हवं होतं ते इटालियनमध्ये, आणि तेही संध्याकाळी साडेपाचलाच. साडेपाचच का? कारण आमच्यातल्या भाभी जैन आहेत आणि चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. सिंगापूरच्या बाजूला वर्षभर सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास मावळतो. आजवर ज्या ज्या सहली झाल्या, तिथं भाभी एकट्या आधी जेवून घ्यायच्या आणि आम्ही रात्री नऊला जेवत असताना नुसत्या सोबतीला बसायच्या. या वेळी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस जहाजावरच येत होता. त्या रात्री आठही जण एका टेबलावर, एकाच वेळी जेवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

जहाज कंपनीचं ॲप उघडलं तर त्यात फक्त आम्ही दोघं. बाकीच्या तीन केबिनचा पत्ताच नाही. वेळ दाखवत होतं ती रात्री पावणेनऊ, आणि टेबल दोघांचं. एजंटला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला टेन्शन घेता? जहाजावर गेल्यावर सगळं होतं." मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर उत्तर आलं, की बुकिंग एजंटमार्फत झालंय, त्यामुळे बदल फक्त एजंटच करू शकतो. पुन्हा एजंट. तो म्हणाला, "आमच्या मुंबईच्या माणसाला सांगितलंय." मुंबईचा माणूस म्हणाला, नाशिकच्या ऑफिसकडून मेल आलेला नाही. नाशिकचं ऑफिस म्हणालं, मेल कालच गेला. असं किती दिवस चाललं असेल! प्रत्येक जण गोड बोलत होता आणि काम तसूभर पुढं सरकत नव्हतं. उद्धट माणसाशी भांडता तरी येतं.

मी पतसंस्थेत नोकरी केलेली बाई. तोंडी सांगितलेलं काम झालं असं मी धरत नाही, आणि तुम्हीही धरू नका. एके दिवशी एजंटनं छातीठोक सांगितलं, "ताई, लिंक झालं." मी तिथंच, त्याच्यासमोर ॲप उघडलं. सहप्रवाशांच्या यादीत अजूनही आम्ही दोघंच. लिंक झालं की नाही याची खरी खूण हीच. तुमच्या ॲपमध्ये दुसऱ्या केबिनमधल्यांची नावं दिसली पाहिजेत. ती दिसत नसतील तर काहीही झालेलं नाही, समोरचा काहीही म्हणो.

मग मात्र मी खुर्ची ओढून त्याच्या टेबलापाशीच बसले. म्हटलं, माझ्यासमोर मेल लिहा आणि मला कॉपी पाठवा. काय लिहायचं तेही मीच सांगितलं. चारही बुकिंग नंबर, प्रत्येक नंबरखालची पासपोर्टवरची नावं, जहाजाचं नाव, निघायची तारीख, आणि दोन स्वतंत्र मागण्या. पहिली, ही बुकिंग एकमेकांना जोडा आणि डायनिंग हॉलमध्ये एकच टेबल द्या. दुसरी, जैन जेवणाची नोंद करून तसं लेखी कळवा. ऑफिसातली एक मुलगी पटापट टाइप करत होती. तिनंच मला हळूच सांगितलं, "काकू, यांना आधी माहीतच नव्हतं की नंबर जोडता येतात." माझा राग त्या मुलीवर नाही, तिनं मनापासून काम केलं. राग आहे तो इतके दिवस "होतं हो ताई" म्हणून माझी बोळवण केली याचा.

अखेर उत्तर आलं. चारही बुकिंग जोडली गेली, ॲपमध्ये आठही नावं दिसायला लागली. मी अक्षरशः उडी मारली. पण स्पेशालिटी रेस्टॉरंटचं टेबल प्रवाशानं स्वतःच घ्यायचं होतं. आणि ॲप एका टेबलाला आठ माणसं घेईना.

यावर तोडगा असा. साडेपाचच्याच वेळेला चार-चारची दोन बुकिंग केली. एक माझ्या नावानं, एक भाभींच्या यजमानांच्या नावानं. जहाजावर चढलात की केबिन बघायच्या आधी, बुफेकडं धाव घ्यायच्या आधी त्या रेस्टॉरंटच्या दारातल्या काउंटरवर जा आणि दोन्ही बुकिंग दाखवून टेबलं जोडून मागा. पहिल्या दुपारी तिथं माणूस बसलेला असतो, आणि त्याच्या हातात अजून बदल करण्याइतकी जागा शिल्लक असते. आम्हाला खिडकीजवळची दोन टेबलं जोडून मिळाली.

पैसे भरतानाही एकदा गाडी अडली होती. कार्ड नाकारलं जात होतं आणि मला वाटलं, वेबसाइटच बिघडली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2020 पासून नवीन मिळणारं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून आपणच चालू करायचे, त्याची मर्यादाही आपणच ठरवायची. पैसे भरले की पुन्हा बंद करून टाका.

जैन जेवणाचा मेल कसा लिहावा, हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं "जैन" किंवा "व्हेज" लिहून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं अशी नावं घेऊन लिहा. अंडं आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) वेगळं लिहा. इटालियन जेवणात खाचखळगे बरेच. ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं, सुक्या पास्त्यात सहसा नसतं. अस्सल पार्मेजान चीज बनवताना दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. गोड पदार्थांत पान्ना कोटात जिलेटिन, तिरामिसूत अंडं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. हे वाचून घाबरू नका, फक्त आधी सांगा. हेड वेटरनं आम्हाला कारणही नीट समजावलं. सॉसचा पाया सकाळीच कांदा, गाजर, सेलरी घालून मोठ्या भांड्यात शिजतो, त्यातून संध्याकाळी कांदा बाहेर काढता येत नाही. आदल्या दिवशी कळलं तर वेगळं छोटं भांडं चढवता येतं. कंपनीच्या उत्तराचा प्रिंट मी सोबत नेला होता, तो त्यानं आत स्वयंपाकघरात नेऊन दाखवला. मोबाइलमधला मेल दाखवण्यापेक्षा कागद कितीतरी बरा.

डायनिंग हॉलमध्ये तर याहून चांगली सोय झाली. हेड वेटर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा मेनू भाभींकडं घेऊन यायचा आणि त्या खुणा करून द्यायच्या. हे आपणहून कुणी सांगत नाही, पहिल्या जेवणालाच विचारायचं.

तर तो वाढदिवस! भाभींसाठी टोमॅटो आणि तुळशीसारख्या वासाच्या त्या बेसिलच्या पानांचा सुका पास्ता, भाजलेली ढोबळी मिरची आणि झुकिनी, शेवटी ताजी फळं आणि लिंबाचं सरबती आइस. आम्ही बाकीच्यांनी रिसोटो, पिझ्झा, तिरामिसू घेतलं. बाहेर चांगलं ऊन होतं. भाभी जेवताना मध्येच म्हणाल्या, "आज मी कुणाच्या आधी नाही जेवले." मला त्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्याचं सार्थक वाटलं. अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

पोटाच्या घड्याळाचं सांगायचं राहिलं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिथले साडेपाच म्हणजे नाशिकचे दुपारचे तीन! त्या दिवशी बुफेवर आडवा हात मारलात तर संध्याकाळी इतके पैसे भरलेलं जेवण तसंच राहील. आम्ही दुपारी फक्त सूप आणि फळं घेतली. तुमच्यात कुणाला सूर्यास्ताचं बंधन नसेल तर मात्र पहिल्या एक-दोन रात्री आठची वेळ घ्या, तेव्हा इकडचे साडेपाच झालेले असतात आणि खरी भूक लागते. नाट्यगृहातल्या शोची वेळही आधी बघून ठेवा. निवांत जेवणाला दीड-दोन तास सहज जातात.

कुठं पैसे घालावेत? शाकाहारी असाल तर इटालियनमध्ये जरूर. स्टेकहाउसला जाऊ नका, सॅलड आणि भाजलेल्या बटाट्यासाठी तेवढी किंमत मोजणं मला पटत नाही. तेप्पानयाकीत आचारी समोर तव्यावर करून वाढतो, बघायला फार छान. पण मासे, मांस, भाज्या एकाच तव्यावर, त्यामुळे काटेकोर शाकाहारी माणसानं आधी स्पष्ट विचारावं. मासे खाणाऱ्या आमच्या एका जोडप्याला मात्र तेच सगळ्यात आवडलं. तिथं अनोळखी माणसांसोबत एकाच तव्याभोवती बसवतात, गप्पा आपोआप सुरू होतात.

ओळखी होतात त्या अशाच. डायनिंग हॉलमध्ये एका रात्री आम्ही दोघांनी मुद्दाम ग्रुप सोडून, दुसऱ्यांसोबत बसायला चालेल असं सांगितलं. पेनांगचं एक तमिळ जोडपं भेटलं, दोघं निवृत्त शिक्षक. त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही पेनांगला महागडी बस-सहल घेतली नाही. जहाज लागतं त्या स्वेटनहॅम धक्क्यापासून पेनांगच्या जॉर्ज टाउन शहरातली लिटल इंडिया ही भारतीयांची वस्ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. जॉर्ज टाउन 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जुनी दुकानं, मंदिर, मशीद, चिनी वाडे सगळं पायी बघितलं आणि केळीच्या पानावर भात-सांबार जेवलो. नाशिकला घरी या, मिसळ खाऊ घालते, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांची यादी ॲपवर आदल्या संध्याकाळपर्यंत येते. तिच्यावर पेनानं खुणा करायला मिळाव्यात म्हणून मी गेस्ट सर्व्हिसकडून छापील प्रत मागून घेतली. सामान्यज्ञानाची स्पर्धा, नाचाचे वर्ग, टॉवेलचे प्राणी करायला शिकवणं, हे सगळं फुकट. बिंगोला पैसे पडतात. पत्त्यांच्या खोलीत आम्ही बदाम सात मांडला, तर शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा बघता बघता येऊन बसले. त्यांना हा डाव येत होता! भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण सत्ती अडवून धरल्यावर चिडायची पद्धत तीच. फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, आम्ही चौघींनी येवल्याच्या पैठण्या नेसल्या. कोट-गाऊनच हवा असं काही नसतं, पुरुषांनी स्पेशालिटीत हाफ पँट तेवढी टाळावी. जहाजाच्या फोटोग्राफरनं खूप फोटो काढले. ते विकत घ्यायलाच हवेत असं नाही, प्रत्येकाचे चांगले पैसे लागतात.

सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा आहे ना, हे नक्की बघा, कारण क्रूझवरून तुम्ही पुन्हा सिंगापूरला उतरता. अरायव्हल कार्डही, म्हणजे सिंगापूरला येण्याआधी ऑनलाइन भरायचा फॉर्म, परत येताना पुन्हा भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

आणि बिल. जहाजावर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या खात्यावर चढतं. आमच्या खात्यावर इटालियनचे पैसे दुसऱ्यांदा लागले होते, कारण टेबलं जोडताना नवीन नोंद झाली होती. मी शेवटच्या संध्याकाळीच खातं तपासलं आणि पावती दाखवली, त्यांनी लगेच रक्कम काढून टाकली. उतरायच्या सकाळी त्याच काउंटरसमोर जिन्यापर्यंत रांग लागली होती, म्हणून हे काम आदल्या रात्रीच उरका.