डार्लिंग्टन, भाग 7: भेळेच्या पुड्याने सोडवलेलं वळण

मंडळी, डार्लिंग्टन या अमेरिकेतल्या नॅस्कार मोटारशर्यतीच्या ट्रॅकचं 1:64 मापातलं स्लॉट कार मॉडेल मी बांधतोय (स्लॉट, म्हणजे खाचेत पिन अडकवून धावणाऱ्या छोट्या विजेवरच्या गाड्या). चौथ्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या लेनमधून सलग 31 फेऱ्या आणि एकही डिस्लॉट नाही, पिन एकदाही खाचेबाहेर नाही! काल रात्री पावणेबाराला गॅरेजमध्ये मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. बत्तिसाव्या फेरीचं शेवटी सांगतो.

दोन महिने गप्प होतो, कारण जे घडत होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. सहाव्या भागाच्या शेवटी पाव इंची एमडीएफचं (लाकडी भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं) कडं खालच्या आधाराच्या फासळ्यांवर दाबून 25 अंशांचं बँकिंग, म्हणजे वळणाला बाहेरून उचललेला उतार, द्यायला निघालो होतो, आठवतंय? पहिले चार क्लॅम्प गुण्यागोविंदाने बसले. पाचव्याला बाहेरची कड पापडासारखी फुगली, सहाव्याला कडं आतून तडकलं. चारही लेनचे स्लॉट राउटरने (खाच कोरायच्या यंत्राने) कोरून झालेले होते. दोन शनिवार-रविवार पाण्यात.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. तुकडे उचलताना आराखडा नीट पाहिला आणि लक्षात आलं की 25 अंशांचं वळण मी भलत्याच टोकाला बांधत होतो. आज डार्लिंग्टनची वळणं 1 आणि 2 ही 25 अंशांची, 3 आणि 4 ही 23 ची. पण मी समोर ठेवला होता 1980 च्या दशकातल्या एका कार्यक्रमपत्रिकेतला नकाशा, फ्ली मार्केटमधून दोन डॉलरला आणलेला. 1997 मध्ये त्यांनी स्टार्ट-फिनिश रेषा पलीकडच्या सरळीवर नेली, त्यामुळे जुनी 1-2 आता 3-4 झाली. आकडे आजचे, नकाशा जुना! तडकलं नसतं तर कळलंही नसतं. तेव्हा त्या एमडीएफला मी मनातल्या मनात माफ केलंय.

इतर कुठल्या ट्रॅकवर हा घोळ फारसा जाणवला नसता. डार्लिंग्टन पडलं अंड्याच्या आकाराचं. हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टनने जमीन घेतली तेव्हा मूळ मालक शर्मन रॅमझीची अट होती की छोट्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एक टोक आवळलं गेलं. 1950 च्या पहिल्या सदर्न 500 ला, म्हणजे डार्लिंग्टनच्या 500 मैलांच्या शर्यतीला, तिथे 75 गाड्या उतरल्या. जॉनी मँट्झ हळूच पळणारी प्लिमथ आणि कडक टायर घेऊन आला, बाकीचे टायर बदलत बसले आणि सहा तासांहून जास्त चाललेली शर्यत तो घेऊन गेला. त्या तळ्याची किंमत आज माझ्या गॅरेजमध्ये मी मोजतोय. दोन टोकं, दोन त्रिज्या, दोन बँकिंग, एकही साचा दुसरीकडे चालत नाही.

पुण्याहून एकाने लिहिलं होतं, ‘मार्टिन्सव्हिल (नॅस्कारचाच दुसरा ट्रॅक) कर ना, 12 अंश, दोन सरळ्या, दोन सारखी वळणं.’ बरोबर आहे. पण मार्टिन्सव्हिलला मी हॉटडॉग खायला जातो. प्रेम डार्लिंग्टनवर आहे.

आता मूळ दुखण्याकडे. कडं फुगत का होतं हे मला आठवडाभर कळलं नाही. लाकूड जाड? पातळ घेतलं, तेही फुगलं. ओलं केलं, वाफ दिली, मागून चिरा पाडल्या. मग मंडळाच्या सहलीत कुणीतरी भेळ कागदाच्या पुड्यात दिली. खाऊन झाल्यावर सवयीने कागद उलगडून मांडीवर सपाट केला आणि तसाच बसून राहिलो. उलगडलेला पुडा पूर्ण गोल होत नाही, त्यातली एक फोड कमी असते! बँकिंग असलेलं वळण म्हणजे शंकूचाच तुकडा. मी सपाट पत्र्यावर अख्खं 180 अंशांचं अर्धवर्तुळ कापून त्याचा शंकू करायला बघत होतो. बाहेरच्या कडेला जास्तीचं साहित्य जाणार कुठे? फुगणारच.

हिशोब सोपा निघाला. आराखड्यातल्या त्रिज्येला बँकिंगच्या कोसाइनने भागायचं आणि वळणाच्या कोनाला त्यानेच गुणायचं. 25 अंशांचा कोसाइन 0.906. म्हणजे 30 इंचांची त्रिज्या पत्र्यावर 33.1 इंच होते आणि 180 अंशांचं वळण 163.1 अंशांत कापायचं. 23 अंशांच्या टोकाला 165.7. (अंड्यामुळे दोन्ही टोकं काटेकोर 180 नाहीत, त्याची दुरुस्ती वेगळी केली.) आधी खाकी पुठ्ठ्यावर कापून पाहिलं. दोन्ही टोकं धरून वळवलं आणि काहीही जोर न लावता तो बँकिंगवर जाऊन बसला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे तर आठवीच्या भूमितीत आहे.’ असेल.

एमडीएफ मात्र सोडला. आता 6 मिलिमीटरचं फोम पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा हलका पत्रा. राउटरखाली लोण्यासारखं कापलं जातं, वळतं, ओल धरत नाही आणि एमडीएफइतकी बारीक धूळ उडत नाही. महाग आहे हे मान्य. स्लॉट कोरायला छोटं रोटरी टूल चालेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं आणि मग गुपचूप राउटर घ्यावा. स्लॉटच्या दोन्ही बाजूंना रुळ म्हणून बसवायच्या, गाडीला वीज देणाऱ्या तारेबद्दल तक्रार आहे. एका ऑनलाइन दुकानातून स्टीलची तार मागवली, रिळावरच जागोजागी मुरडलेली आली. परत करायला लागणारा खर्च तारेपेक्षा जास्त. आता सरळ कांड्या घेतो. कॉपर टेपवाल्यांनो, रागावू नका, पण तांब्याला गाडीच्या पोटातलं मॅग्नेट चिकटत नाही आणि मला थोडी ओढ हवीच आहे.

वळण जमलं, तरी गाडी वळणाच्या तोंडाशीच मरत होती. सरळी 3 अंशांची, वळण 25 चं, मधला पीळ मी 8 इंचांत उरकला होता. ट्रॅक 12 इंच रुंद, म्हणजे बाहेरची कड 8 इंचांत साडेचार इंच वर चढणार. घाटच तो! चढाच्या पायथ्याला नाक ट्रॅकला घासून गाडी अडखळायची. माथ्यावर नाक वर, गाइड पिन बाहेर आणि गाडी थेट वॉशिंग मशीनखाली. रुळांतून वीज घेणाऱ्या पिकअप शूजचा खालीवर प्रवास जेमतेम मिलिमीटरभर, ते तरी किती सांभाळणार?

पीळ 24 इंचांवर नेला. सरळ रेषेत नाही, सुरुवातीला अगदी हलका, मध्ये भराभर, शेवटी पुन्हा हलका. दर 3 इंचांवर एक फासळी, प्रत्येकीची उंची वेगळी, पेन्सिलीने क्रमांक घातलेल्या. सातव्या फासळीची अर्धी मिलिमीटर खोडी काढायला पूर्ण रविवार गेला. नखाने पृष्ठभागावरून हळूच ओढत जायचं, जिथे नख अडतं तिथे गाडी अडते. फूटपट्टीपेक्षा नख जास्त खरं बोलतं. त्यानंतरच त्या 31 फेऱ्या.

हे लिहितानाच एक सुचलंय. मी ट्रॅक आतल्या कडेभोवती फिरवतोय, म्हणून सगळी चढण बाहेरच्या लेनच्या वाट्याला येते. मधल्या रेषेभोवती फिरवला तर? बाहेरची कड सव्वादोन इंच वर, आतली तेवढीच खाली. चौथ्या लेनचा घाट निम्मा! त्यासाठी दोन्ही सरळ्या अडीचेक इंच उचलाव्या लागतील, पण गुलाबी फोम बोर्ड घरात आहे. आहे म्हणजे, गणपतीच्या मखरासाठी आणलेला आहे. सदर्न 500 चा लेबर डे आणि गणपती यंदाही मागेपुढेच, तेव्हा घरात बोलणी करावी लागतील. 23 अंशांचं टोक आता याच पद्धतीने करणार. प्रेक्षागृहाचं काम पुढे ढकललं. 1:64 च्या नेमक्या मापात लॅप 112 फुटांचा झाला असता, माझ्या टेबलावर 36 चा बसलाय. प्रेक्षक थोडे थांबतील.

तर बत्तिसावी फेरी. हात सैल झाला होता, ट्रिगर जरा जास्तच दाबला. वळणाच्या मध्यावर लाल गाडीचं मागचं उजवं अंग बाहेर फेकलं गेलं, पांढऱ्या भिंतीला घासलं, चर्र झालं आणि पिन स्लॉटमध्येच राहून गाडी पुढे निघून गेली. भिंतीवर चार इंचांचा लाल ओरखडा, गाडीच्या अंगावर त्याची जोडी. डार्लिंग्टन स्ट्राइप (तिथल्या भिंतीला घासून गाडीच्या उजव्या अंगावर उमटतो तो पट्टा), 1:64 मापात, पूर्णपणे आपोआप! मागच्या महिन्यात मी तो ब्रशने रंगवायचा बेत करत होतो. सकाळी मुलगी ओलं फडकं घेऊन आली, तिला दारातच थांबवलं.