तुम्ही विचारलंत म्हणून: मानसशास्त्राचं कंपनीत काय काम?

"मॅडम, तुम्ही मानसशास्त्र शिकवता ना? मग रबाळे-महापेच्या कंपन्यांमध्ये ते व्हीआरचे चष्मे घेऊन काय करता? कामगारांचं समुपदेशन?" सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नकार्यात, मुलांच्या ॲडमिशनच्या काळजीत असलेल्या पालकांकडून, हा प्रश्न मला कायम येतो. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी: चष्मा (हेडसेट) डोळ्यांवर चढवला की संगणकाने उभं केलेलं जग आजूबाजूला दिसतं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने मी नेमकी कशाला जाते, ते एकदा नीट सांगते.

समुपदेशन मी करत नाही. माझा विषय ह्यूमन फॅक्टर्स. माणसाचं लक्ष किती टिकतं, घाईत त्याचा हात कुठे जातो, रात्रपाळीत तो काय विसरतो, हे धरून यंत्रं, पॅनल आणि कामाच्या पद्धती कशा असाव्यात, याचा हा अभ्यास. अपघाताच्या अहवालात 'मानवी चूक' असा शेरा पडला की चौकशी संपली असं बहुतेकांना वाटतं. आमचं काम तिथून सुरू होतं.

ही दृष्टी दुसऱ्या महायुद्धात आली. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं धावपट्टीवर सुखरूप टेकायची आणि मग वैमानिक चाकंच मिटून घ्यायचा; विमान पोटावर आपटायचं. वैमानिक चांगले शिकलेले होते. अल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तेव्हा चाकांचा आणि फ्लॅपचा, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांचा, असे दोन एकसारखे खटके शेजारी-शेजारी सापडले. दमलेला हात चुकीच्या खटक्यावर जात होता. त्याने एका खटक्याला छोटं चाक बसवलं, दुसऱ्याला पाचर. प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकाच्याच आकाराची असते. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांची छाननी केली, तेव्हा एका खटक्याऐवजी दुसराच हलवण्याच्या चुका सर्वांत जास्त निघाल्या. म्हणजे एवढे वैमानिक निष्काळजी नव्हते. खटक्यांची मांडणीच त्यांना फसवत होती.

आता आपल्याकडचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कंपनीत आम्ही गळतीच्या प्रसंगाचा सराव तयार केला. फोटो आणि मोजमापं घेऊन त्यांचाच प्लँट हेडसेटमध्ये उभा केला. एक नंबर पंपाच्या सीलमधून वाफ सुटते, सायरन वाजतो, आणि ऑपरेटरने पंप थांबवून त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा. त्याच प्लँटवर उमेदीची वर्षं काढलेले ऑपरेटर एकामागून एक येत होते आणि त्यांतले बरेच जण सरळ डावीकडे वळून दोन नंबरचा पंप बंद करत होते. हात ठाम, पावलं ठाम, पंप मात्र दुसरा.

कारण शोधायला प्लँटवर गेलो. पंपांना नंबर दिले तेव्हा ये-जा मागच्या बाजूने होती. पुढे शेड वाढली, वाट बदलली. आता समोरून येणाऱ्याला दोन नंबर डावीकडे दिसतो आणि एक नंबर उजवीकडे. एरवी माणूस नंबराची पाटी वाचतो, थांबतो, मग हात घालतो. घाबरला की लक्ष आक्रसतं आणि डावीकडून एक, दोन, तीन मोजायची आयुष्यभराची सवय ताबा घेते.

बैठकीत पहिली सूचना आली ती 'रिफ्रेशर ट्रेनिंग घ्या' अशी. मी ठाम विरोध केला. जी चूक रंगाच्या डब्याने जाते, तिच्यासाठी माणसाच्या डोक्यावर ओझं टाकू नये. नंबर उलटे करा, असंही मी म्हटलं नाही, कारण जुन्या माणसांचा त्यात नवा गोंधळ झाला असता. प्रत्येक पंप, त्याचा व्हॉल्व्ह आणि त्याचं स्टॉप बटण एकाच रंगात रंगवायचं ठरलं. रंग आधी हेडसेटमधल्या प्लँटला लावून पाहिला. हात बरोबर पंपाकडे जायला लागले, मग खरा प्लँट रंगवला.

व्हीआरचा मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा उपयोग हा आहे. जे खरं घडवून आणता येत नाही, ते घडवता येतं, आणि माणूस कुठे अडखळतो ते कुणालाही इजा न होता दिसतं.

त्याने शिकवणं होतं का? होतं, पण सगळं नाही. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी मांडलेला विचार इथे पक्का लागू पडतो: सरावात आणि खऱ्या कामात जेवढं समान, तेवढंच शिकणं पुढे जातं. आधी काय, मग काय, कुठे बघायचं, वारा कुठल्या दिशेने आहे म्हणून कुठून बाहेर पडायचं, हे चष्म्यातून चांगलं शिकता येतं. गंजलेला व्हॉल्व्ह फिरवायला किती जोर लागतो, हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन जिना चढताना दम कसा लागतो, हे येत नाही. त्यासाठी खरा व्हॉल्व्ह आणि खरा सिलिंडरच हवा. शिवाय डोळ्यांना चालल्यासारखं दिसतं आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं आपण उभेच आहोत, म्हणून काहींना मळमळतं. अशा माणसाला लगेच थांबवायचं, 'थोडं सहन करा' म्हणायचं नाही.

पुरावा कसा असावा, याचं मी वर्गात नेहमी देते ते उदाहरण २००२ चं. येल विद्यापीठात १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांपैकी काहींना व्हीआरवर सराव दिला, बाकीच्यांना नेहमीचं प्रशिक्षण, आणि मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांवर पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. व्हीआरवाल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं आणि चुकाही कमी झाल्या. कोण कुठल्या गटातला, हे तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. परीक्षा खऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये झाली, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चष्मा काढल्या-काढल्या 'मजा आली का?' असा फॉर्म भरून घेणं म्हणजे मोजमाप नव्हे. काही महिन्यांनी, न सांगता घेतलेल्या मॉक ड्रिलमध्ये तो माणूस काय करतो, ते बघावं लागतं. आणि फरक पडला नाही तर तेही छापावं लागतं.

पालकांसाठी एवढंच: मुलाला मानसशास्त्र घेऊ द्या, पण संख्याशास्त्राला बगल देऊ देऊ नका. पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात अर्गोनॉमिक्सचं, म्हणजे माणसाला सोयीची साधनं आणि कामाची जागा घडवण्याचं, काम चालतं, ते एकदा दाखवून आणा. आणि माणसं काम करताना तासन् तास बघत उभं राहायची तयारी हवी. या विषयात तिला पर्याय नाही.

सध्या मी कंत्राटी कामगारांच्या मागे लागले आहे. बऱ्याच ठिकाणी साफसफाईची आणि दुरुस्तीची धोक्याची कामं त्यांच्याकडे असतात, माणसं सतत बदलतात, आणि गेटवर त्यांच्या वाट्याला एक छोटी फिल्म आणि एक सही येते, तीही कित्येकदा त्यांना न समजणाऱ्या भाषेत. पहिल्या दिवशी प्लँटमध्ये पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने बाहेर पडायची वाट एकदा तरी चालून पाहावी, एवढा छोटा सराव आम्ही बांधतो आहोत. मराठी आणि हिंदी सूचनांचं रेकॉर्डिंग झालं. भोजपुरी आणि ओडिया बोलणारे कामगारच आता पुढच्या सूचना स्वतःच्या आवाजात देणार आहेत.