दोन ठिपक्यांचा बॉल

रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता. जुलैत असं असलं की मी क्लबात नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोचतो. आधी स्नूकरच्या टेबलावरचे दिवे लावायचे, कापडातली ओल जरा उडू द्यायची, मग ब्रश आणि मग इस्त्री. ब्रश असो की इस्त्री, हात एकाच दिशेनं चालला पाहिजे, बॉककडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, ब्लॅकच्या, म्हणजे काळ्या बॉलच्या टोकाकडे. कापडाची लव त्या बाजूला निजलेली असते. उलटा हात फिरला तर लव उभी राहते आणि हळू सोडलेला बॉल शेवटच्या फुटात वाट सोडतो. पुण्यातल्या या जुन्या क्लबात मी तेवीस वर्षं मार्कर आहे, टेबलं राखणारा आणि गुण मांडणारा. इस्त्री फिरताना गरम लोकरीचा जो वास सुटतो, तो आला की माझा दिवस सुरू होतो.

साडेसातला ती मुलगी आली. वय सोळा. हातात क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची लांब पेटी, मागून रेनकोट झटकत वडील. शनिवारी तिची निवड स्पर्धा होती आणि आज बुधवार. आमच्याकडे ती बाराव्या वर्षापासून येते, म्हणजे तिचा खेळ माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. गेल्या महिन्याभरात मात्र काहीतरी बिनसलं होतं. जवळचे बॉल ती पूर्वीसारखीच घ्यायची, ब्लॅकच्या आसपास तिचा हात सुरेख चालायचा, पण लांबचा पॉट, म्हणजे लांबून बॉल पॉकेटात घालायचा आला, की चुकायचा. आणि स्नूकरमध्ये लांबचा पॉट गेला नाही तर पुढचं काही सुरूच होत नाही.

वडील बाकावर बसत मला म्हणाले, "भाऊ, हिचं लक्षच नाहीये हो. रात्री बारापर्यंत मोबाईल."

ती काही बोलली नाही. क्यूच्या टोकाला, टिपला खडू लावत राहिली.

मी निळा बॉल त्याच्या जागेवर ठेवला, टेबलाच्या बरोबर मध्यावर. व्हाईट, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, ठेवला बॉक लाईनवर, तिथल्या अर्धवर्तुळाच्या, 'डी'च्या डावीकडे जरा बाहेर, असा की व्हाईट, निळा आणि उजवं वरचं पॉकेट एका रेषेत यावेत. अगदी सरळ पॉट, कोन नाहीच. तिला सांगितलं, "स्टॉप शॉट. निळा आत आणि व्हाईट जागच्या जागी. वीस वेळा."

हा पॉट दिसायला सोपा दिसतो. व्हाईटपासून निळा चार फुटांच्या आत, आणि निळ्यापासून पॉकेट साडेसहा फूट. बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पॉकेटचं तोंड साडेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे बॉलच्या दोन्ही अंगांना पाऊण इंचही जागा उरत नाही. आता व्हाईट निळ्याला जिथे लागायला हवा तिथून अर्धा मिलिमीटर जरी बाजूला लागला, तरी साडेसहा फुटांवर निळा जवळपास दोन सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे एकदोन पोस्टकार्डांच्या जाडीचा फरक. लांबचा पॉट चुकला की लोक "नेम चुकला" म्हणून मोकळे होतात, त्याचं मला वाईट वाटतं. इतक्या बारीक फरकात नेम कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

वीसपैकी सहा गेले. उरलेले चौदा मी मोजले. चौदाच्या चौदा डाव्या जॉला, म्हणजे पॉकेटाच्या तोंडाच्या डाव्या कडेला लागून बाहेर.

वडिलांनी कपाळाला हात लावला. मला मात्र तिथेच पहिल्यांदा बरं वाटलं. चुका डावीउजवीकडे पसरल्या असत्या तर हात थरथरतोय, डोकं उठतंय, घाई होतेय, असं शंभर ठिकाणी शोधावं लागलं असतं. सगळ्या एकाच बाजूला पडतात तेव्हा हात विश्वासानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत असतो. ती गोष्ट कुठली, एवढंच शोधायचं राहतं.

पहिला संशय माझा मलाच आला. टेबल माझं आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कुठेतरी पातळी हलली असेल, तर पोरीला दोष देऊन काय उपयोग? मी त्याच रेषेवर हातानं बॉल हळू सोडला, जेमतेम पॉकेटपर्यंत पोचेल इतक्या गतीनं. तीनदा सोडला, तिन्ही वेळा सरळ. तरी समाधान होईना, म्हणून मांडणी उलटी केली. व्हाईट आता 'डी'च्या उजवीकडे, पॉकेट डावं वरचं. टेबलाला उतार असता तर आता चूक उजव्या जॉकडे तरी सरकली असती, निदान कमीजास्त झाली असती. तिनं दहा मारले. तीन गेले, सात डाव्या जॉवर. टेबल निर्दोष निघालं. मला हायसं वाटलं आणि काळजीही वाटली.

मधल्या काळात ती स्वतःच उपाय करायला लागली होती. डावीकडे जातोय म्हणून मुद्दाम उजवीकडे नेम धरायचा. दोन गेले, मग तिसरा इतका उजवीकडे गेला की निळा कुशनवर आपटून परत आला. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "बाळा, बस पाच मिनिटं. चहा घे. आणि नेम बदलू नकोस, नाहीतर चुकतंय काय तेच मला कळायचं नाही."

ती चहा घेत होती तेव्हा मला कपाट आठवलं.

आमच्या कपाटात बिलियर्ड्सचा एक जुना संच आहे. आता आमच्या क्लबात बिलियर्ड्स कुणी खेळत नाही, सगळ्यांना स्नूकर नाहीतर पूल हवा. ज्या पुण्यात विल्सन जोन्स जन्मले, त्या पुण्यात ही पेटी वर्ष वर्ष उघडली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. 1958 साली कलकत्त्यात जोन्स हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात जगज्जेता होणारा तो पहिला भारतीय. त्या खेळात दोघांचे दोन पांढरे बॉल असायचे, एक कोरा आणि दुसरा ठिपक्यांचा. त्याला 'स्पॉट' म्हणायचे. आकार स्नूकरच्या बॉलएवढाच. मी मखमलीच्या खाचेतून तो काढला, ओल्या फडक्यानं पुसला. रंग हस्तिदंतासारखा पिवळट झालेला, पण दोन काळे ठिपके अजून ठळक.

कोऱ्या व्हाईटची गोम अशी की तो जागच्या जागी फिरला तरी डोळ्याला दिसत नाही. मला शिकवणारे जुने मार्कर म्हणायचे, पॉट चुकला की सगळे गेलेल्या बॉलकडे बघतात, तू राहिलेल्याकडे बघ.

व्हाईटच्या जागी स्पॉट ठेवला, एक ठिपका वर येईल असा, मधोमध न ठेवता जरा कडेला. तिला म्हटलं, "आता निळ्याकडे बघू नकोस. मारलास की याच्याकडेच बघायचं."

तिनं मारला. निळा डाव्या जॉवर. स्पॉट मात्र झकास थांबला, इंचभरही पुढे नाही. आणि थांबल्या जागी तो फिरत राहिला. काळा ठिपका घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक फेरी, दुसरी फेरी, मग सावकाश थांबला.

ती वाकून बघत राहिली. "काका, हा फिरतोय."

"फिरतोय ना? तू साईड दिलीस? मुद्दाम कडेला मारलास?"

"नाही. मी मध्ये मारला."

खरं बोलत होती. तिच्या डोळ्याला तो मध्यच होता. पण ज्याअर्थी बॉल काट्याच्या दिशेनं फिरतो, त्याअर्थी टिप मध्याच्या डावीकडे लागलेली असते. एखादा मिलिमीटर असेल, जास्त नाही. डावीकडे मार बसला की व्हाईट किंचित उजवीकडे ढकलला जातो, म्हणून तो निळ्याच्या उजव्या अंगाला लागतो आणि निळा डावीकडे निघतो. जवळच्या पॉटमध्ये हे पचून जातं. चार फूट आणि पुढे साडेसहा फूट म्हटलं की पचत नाही.

मग प्रश्न उरला, मध्य तिला सरकलेला का दिसतो? मी तिला समोर उभं केलं. दोन्ही हात लांब, अंगठा आणि तर्जनीनं छोटी खिडकी, त्यातून भिंतीवरच्या स्कोअरबोर्डाचा पितळी खिळा बघायचा. डावा डोळा मिटायला सांगितला, तर खिळा खिडकीतून नाहीसा झाला. उजवा मिटला तर जागेवर. खेळते उजव्या हातानं, पण नेम धरणारा डोळा डावा.

"तुझा क्यू आधी हनुवटीच्या डावीकडे घासायचा ना गं?"

तिनं नकळत हनुवटीला हात लावला. "हो. सरांनी व्हिडिओ बघून मधोमध आणायला सांगितला. महिना झाला."

सर चांगले आहेत, मेहनती आहेत. हनुवटीच्या मधोमध क्यू हा सल्ला बहुतेकांना लागूही पडतो. पण बारा वर्षांची असताना या पोरीनं कुणी न सांगता आपल्या डोळ्याखाली क्यूची जागा शोधली होती, आणि शरीरानं शोधलेल्या अशा जागेला हात लावताना फार जपावं असं माझं मत आहे. क्यू डोळ्याच्या रेषेतून उजवीकडे गेला, की टिप बॉलच्या मध्यावर असूनही तिला उजवीकडे दिसणार, मग ती टिप डावीकडे सरकवणार. रोज तीन तास, महिनाभर.

सरांना विचारल्याशिवाय मी काही बदललं नाही. माझं काम बघण्याचं, शिकवण्याचा मान त्यांचा. फोन केला, ते दहाला आले. मी बोललो नाही, फक्त स्पॉट ठेवला आणि तिला मारायला सांगितलं. त्यांनी तो फिरताना पाहिला. पुन्हा मारायला लावला, पुन्हा पाहिला. मग खुर्चीवरून उठून तिच्या समोर निळ्याच्या मागे गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "पूर्वी उभी राहायचीस तशी राहा."

वडील मध्येच म्हणाले, "पण सर, टीव्हीवर तर सगळ्यांचा क्यू मधोमध असतो."

सर म्हणाले, "स्नूकरवाल्या जो डेव्हिसची उजवी नजर अधू होती. क्यू डाव्या डोळ्याखालून चालायचा. 1927 ते 1946, पंधरा वेळा जगज्जेता." वडील गप्प झाले.

डोकं दोन बोटं उजवीकडे गेलं, क्यू हनुवटीच्या डाव्या अंगाला आला. पहिले तीन वाईट गेले, अंगाला महिन्याची सवय लागलेली होती. चौथ्याला स्पॉट थांबला आणि ठिपका जिथल्या तिथे राहिला. हलला नाही. ती निळा कुठे गेला ते बघायलाच विसरली. तो पॉकेटात होता.

पुढे ग्रिप, क्यू मागे नेल्यावरचा क्षणभराचा थांबा, यावर सर बोलले, ते नेहमीचंच. साडेअकराला पुन्हा कोऱ्या व्हाईटनं वीस मारायला लावले. बारा गेले. आठ चुकले, त्यातले पाच डावीकडे आणि तीन उजवीकडे. त्या उजवीकडच्या तीन चुकांचा मला बारा पॉट्सइतका आनंद झाला, आणि सरांनाही, कारण त्यांनी माझ्याकडे बघून तीन बोटं वर केली.

बाराला मेंबर यायचे होते. तिनं विचारलं, "काका, अजून दहा? त्या ठिपक्यांच्या बॉलनं?"

मी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात वडील बाकावरून उठले, पॉकेटातून निळा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, हा नेमका कुठे ठेवायचा?"