अण्णांचा पाऊस, जुना फोन आणि दोन ड्रायव्हर

अण्णांच्या जुन्या फोनमध्ये ५३१ रेकॉर्डिंग होती. एकेक आठ-दहा सेकंदांचं. २०१८ ते २०२१, चार पावसाळे. चिपळूणजवळच्या आमच्या गावातल्या घराच्या अंगणात अण्णांनी पर्जन्यमापक ठेवलेला आहे. रोज सकाळी साडेआठला तो बघायचा आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवायचा, हे काम त्यांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर अंगावर घेतलं. आधी वहीत लिहायचे. हात थरथरायला लागले तसं लिहिणं सुटलं, आणि ते फोनमध्ये बोलून ठेवायला लागले. "बावीस मिलिमीटर. रात्री वारा होता." एवढंच. २०२२ पासून माझा भाचा त्यांच्यासाठी वहीत लिहितो, म्हणजे मधली चार वर्षं फक्त त्या फोनमध्ये होती.

या मे महिन्यात अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीला माझ्याकडे आले, तेव्हा पिशवीतून तो फोन काढून माझ्या हातात दिला. "यातले आकडे वहीत उतरव गो. चार वर्षांचं भगदाड पडलंय."

फोन एकदा ओटीवर पडला होता. स्क्रीनची खालची दोन बोटं रुंदीची पट्टी मेलेली, तिथे कितीही दाबा, काही होत नाही. वायफाय चालूच होत नव्हतं. रेकॉर्डिंग कार्डावर नव्हती, फोनच्या आतल्या मेमरीत होती. ब्लूटूथने ५३१ फायली पाठवायच्या म्हणजे पुढचा पावसाळा उजाडला असता, शिवाय रेकॉर्डरमधलं शेअरचं बटण नेमकं त्या मेलेल्या पट्टीत. राहिला एकच रस्ता: यूएसबी केबल लावून कॉम्प्युटरवर घ्यायचं.

केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला, कॉम्प्युटरने मात्र काही ओळख दाखवली नाही. विंडोजमध्ये काही जोडलं की जो टुंग आवाज येतो, तोही नाही. मी थेट ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण कॉम्प्युटरला वापरता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, शोधायला बसले आणि तिथेच पहिली संध्याकाळ गेली. आवाजच येत नाही याचा अर्थ कॉम्प्युटरला काही जोडलंय हेच कळलेलं नाही, आणि ज्याचा पत्ताच नाही त्याचा ड्रायव्हर टाकून उपयोग नसतो. दोष केबलचा होता. ती कुठल्याशा छोट्या पंख्याबरोबर आलेली. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. स्वस्तातल्या कित्येक केबलमध्ये लाल-काळीच असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. शेजारच्यांकडून त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची केबल आणली आणि लावताक्षणी टुंग झालं.

पण फोल्डर उघडला नाही. अँड्रॉइड ६ पासून फोन केबलला लावला की आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो. वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढायची, "यूएसबी फॉर चार्जिंग" असं लिहिलेलं असतं त्यावर दाबायचं आणि फाइल ट्रान्सफर निवडायचं. फोन अनलॉक असावा लागतो. अण्णांनी पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता, ते इथे कामी आलं, कारण आकडे टाकायची वेळ आली असती तर शून्य त्या पट्टीतच आला असता. केबल काढून परत लावली की फोन पुन्हा चार्जिंगवर जातो, तेव्हा हे दर वेळी करावं लागतं.

फाइल ट्रान्सफर निवडलं आणि तेव्हा कुठे ड्रायव्हरची खरी अडचण समोर आली. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडला. अदर डिव्हायसेसच्या खाली "एमटीपी" असं नाव, आणि त्याच्यावर पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह. प्रॉपर्टीज उघडल्या तर कोड २८: या उपकरणाचा ड्रायव्हर टाकलेला नाही.

एमटीपी म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन पेन ड्राइव्हसारखे जोडले जायचे. फोन आपली मेमरी पूर्ण कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचा आणि तोवर फोनला स्वतःला ती वापरता यायची नाही. आताचे फोन मेमरी आपल्याच हातात ठेवतात. कॉम्प्युटर फाइल मागतो, फोन काढून देतो. ही मागण्या-देण्याची भाषा म्हणजे एमटीपी, आणि ती विंडोजला बोलता यावी म्हणून ड्रायव्हर.

आता सांगते ते मनापासून सांगते. फोनच्या मॉडेलचं नाव आणि पुढे "यूएसबी ड्रायव्हर" असं शोधलं की ढिगाने पानं येतात. त्यातल्या एकावरून मी फाइल उतरवली. ड्रायव्हरच्या आधी तिने ब्राउझरचं पहिलं पान बदललं आणि कॉम्प्युटर साफ करून देणारा कसलासा प्रोग्राम बसवला. ड्रायव्हर तर बसलाच नाही, कारण त्यावर डिजिटल सही, म्हणजे तो कोणी बनवला याची खूण, नव्हती आणि विंडोजने तो नाकारला. पुढची सूचना होती: कॉम्प्युटर खास पद्धतीने रीस्टार्ट करा आणि सही तपासणंच बंद करा. मी तिथे थांबले. याच लॅपटॉपवरून माझे बँकेचे व्यवहार चालतात. कोणी लिहिला हे माहीत नसलेला प्रोग्राम यंत्राच्या गाभ्यात शिरू द्यायचा आणि वर राखणदारालाही घरी पाठवायचं, हे मला पटलं नाही. बसवलेलं सगळं काढलं, पूर्ण स्कॅन केला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी डिव्हाइस मॅनेजरमध्येच नीट पाहिलं. त्या पिवळ्या त्रिकोणाच्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन क्रमांक दिसतात. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. अण्णांच्या फोनचा व्हीआयडी ०ई८डी निघाला. तो मीडियाटेकचा. पाठीवर नाव भलत्याच कंपनीचं, आतली चिप मीडियाटेकची, आणि यूएसबीवर फोन चिपच्याच नावाने ओळख सांगत होता. ज्या कंपनीच्या नावाने मी आदल्या रात्री तीन तास शोधत होते, तिचा या ओळखीत कुठेच पत्ता नव्हता.

आणि एमटीपीचा ड्रायव्हर बाहेरून आणायचाच नव्हता. तो विंडोजमध्ये असतोच, फक्त या फोनला जोडला गेला नव्हता. अपडेट ड्रायव्हर, मग "ब्राउझ माय कॉम्प्युटर", मग खालचं "लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट". यादीतून पोर्टेबल डिव्हायसेस, त्यात एमटीपी यूएसबी डिव्हाइस. हा ड्रायव्हर जुळेल याची खात्री देता येत नाही, असा इशारा येतो. इथे यस म्हणायला मला भीती वाटली नाही, कारण ड्रायव्हर विंडोजचाच होता. दहा सेकंदांत पिवळा त्रिकोण गेला आणि धिस पीसीमध्ये फोन दिसला.

फायली कॉपी केल्या. अण्णांना हाक मारली, पहिलीच फाइल लावली. "अठरा मिलिमीटर." अण्णा खूश. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या दिवशीचे?"

मी तारीख बघितली. आजची होती. दुसऱ्या फाइलवर आजची, तिसरीवर आजची, ५३१ फायलींवर त्या दुपारची तारीख. फायलींची नावं नुसती रेकॉर्डिंग १, रेकॉर्डिंग २ अशी, मधल्या कितीतरी पुसलेल्या. आणि अण्णा बहुतेक वेळा तारीख बोलतच नाहीत, कारण फोन ती ठेवतो हे त्यांना माहीत होतं. एमटीपीने कॉपी करताना फायलींवरच्या मूळ तारखा उतरल्या नव्हत्या. फोनमध्ये त्या जागच्या जागी होत्या. अठरा मिलिमीटर पाऊस पडला पण कधी ते माहीत नाही, अशा नोंदीला नोंद म्हणता येत नाही. अण्णा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

तारखेसकट फायली आणायचा मार्ग म्हणजे एडीबी, अँड्रॉइड डीबग ब्रिज. ॲप बनवणाऱ्यांसाठी गूगलने दिलेलं साधन. प्लॅटफॉर्म टूल्स नावाची छोटी झिप फाइल अँड्रॉइड डेव्हलपर्सच्या अधिकृत साइटवर फुकट मिळते. त्यासाठी फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करायचं, म्हणजे केबलवरून कॉम्प्युटरच्या आज्ञा ऐकायची मुभा फोनला द्यायची, आणि तो पर्याय लपवलेला असतो. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात बिल्ड नंबर, त्यावर सात वेळा दाबलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात.

अबाउट फोन ही सेटिंग्जची शेवटची ओळ. बिल्ड नंबर ही अबाउट फोनमधली शेवटची ओळ. यादी कितीही वर सरकवा, शेवटची ओळ स्क्रीनच्या तळाशीच थांबते, आणि तळ मेलेला.

दोन दिवस फोन टेबलावर पडून होता. रिपेअरवाल्याने नवीन स्क्रीनचे सांगितलेले पैसे फोनच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होते. तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्या फोनवर व्हिडिओ बघत होते, आणि बघता बघता त्यांनी फोन आडवा केला. मी उठलेच. वरची पट्टी ओढून ऑटो रोटेट चालू केलं आणि जुना फोन आडवा धरला. मेलेली पट्टी आता तळाला नव्हती, उजव्या कडेला उभी झाली होती. सेटिंग्जमधली प्रत्येक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत असते, कुठेही दाबली तरी चालते. अबाउट फोनवर डावीकडून दाबलं, उघडलं. बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं. "यू आर नाऊ अ डेव्हलपर" असा निरोप आला. मागे यायला वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण होताच. यूएसबी डीबगिंगचं बटण उजव्या कडेला होतं, पण तिथेही ओळीच्या डाव्या टोकाला दाबून काम झालं.

डीबगिंग चालू होताच कॉम्प्युटरवर पुन्हा टुंग, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा पिवळा त्रिकोण. आदल्या वेळचं काम वाया गेलं असं क्षणभर वाटलं. तसं नव्हतं. डीबगिंग चालू केलं की तोच फोन यूएसबीवर दोन उपकरणं म्हणून उभा राहतो, फाइलींसाठी एक आणि एडीबीसाठी एक, आणि दुसऱ्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. हा विंडोजमध्ये सापडला नाही. गूगलच्या त्याच साइटवर गूगल यूएसबी ड्रायव्हर मिळतो, सही केलेला. तो मुळात गूगलच्या स्वतःच्या फोनसाठी, त्यामुळे आपोआप शोधायला लावलं तर विंडोज "सापडला नाही" म्हणतो. पुन्हा "लेट मी पिक", शो ऑल डिव्हायसेस, हॅव डिस्क, उतरवून सोडवलेल्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) दाखवायची, आणि यादीतून अँड्रॉइड एडीबी इंटरफेस निवडायचं. तोच इशारा, तोच यस.

प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमध्ये वरच्या पत्त्याच्या चौकटीत सीएमडी लिहून एंटर दाबलं की काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. तिथे एडीबी डिव्हायसेस ही आज्ञा दिली. फोनचा क्रमांक आला, पुढे शब्द: अनऑथराइज्ड. याचा अर्थ ड्रायव्हर बसला, आता फोनची परवानगी हवी. फोनवर चौकट आली होती, या कॉम्प्युटरला डीबगिंग करू द्यायचं का, आणि ओकेचं बटण उजवीकडे, पट्टीला चिकटून. फोन उलट्या बाजूने आडवा केला. पट्टी डावीकडे गेली, ओके जिवंत भागात आलं. पुन्हा तीच आज्ञा दिली, आणि आता क्रमांकापुढे डिव्हाइस असा शब्द होता.

मग एडीबी पुल, पुढे वजा-चिन्ह आणि ए, मग फोनमधल्या फोल्डरचा पत्ता, मग कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा. तो वजा-ए विसरायचा नाही, मूळ तारखा त्यानेच टिकतात. एक मिनिटही लागलं नाही. फोल्डर तारखेप्रमाणे लावला आणि सगळ्यात वर दिसलं: जून २०१८.

त्या रात्रीपासून रोज जेवणानंतर आम्ही बसतो. मी फाइल लावते, अण्णा ऐकतात, मी तारीख आणि आकडा वहीत लिहिते. कधी मागे कोंबडा, कधी आई चहाला बोलावतेय. आईचा आवाज आला की अण्णा ते रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगतात. काल आम्ही २२ जुलै २०२१ वर आलो, चिपळूण बुडालं तो दिवस. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये पत्र्यावरच्या पावसाचा आवाज इतका की अण्णा जवळजवळ ओरडत होते: "बाटली भरून वाहिली. किती ते सांगता येत नाही."

मी पेन थांबवून विचारलं, "अण्णा, आकड्याची जागा रिकामी सोडू का?"

"रिकामी नको. रिकामी म्हणजे बघितलंच नाही असं होईल. भरून वाहिलं, असं लिही."

लिहिलं, आणि २३ तारखेची फाइल लावली.